प्रयोगाने सिद्ध

थोरलीच्या छातीतल्या जंतूचा रिपोर्ट भावोजींनी फोटो काढून पाठवला तेव्हा धाकटी ऑफिसात चहा पीत होती. फोटो तिरका, आणि कोपऱ्यात भावोजींचा अंगठा. हा माणूस एवढी मोठी बस बोटभर अंतर ठेवून भिंतीला लावतो, पण एक फोटो सरळ काढील तर शपथ. धाकटीने मान वाकडी करून वाचलं. सगळ्यात खाली, उरलेल्या एकुलत्या एका औषधापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘लागू पडणार नाही. या जंतूत औषध मोडणारं प्रथिन तयार करणारं जनुक आहे.’

तिच्या हातातला कप तसाच राहिला. वाक्य ओळखीचं होतं. ते तिच्याच ऑफिसातून गेलेलं होतं.

ही धाकटी नेमकं काय काम करते, हे सांगताना घरच्यांची नेहमी भंबेरी उडते. भावोजी तर लोकांना सरळ ‘ती जंतूंची बारशी करते’ म्हणून सांगतात, आणि खरं सांगायचं तर ते फारसं चूक नाही. जगभरातल्या प्रयोगशाळा जंतूंचे जनुकक्रम वाचतात आणि एका सार्वजनिक भांडारात आणून ओततात. अक्षरांच्या लांबच लांब माळा नुसत्या. त्या माळेतला कुठला तुकडा कशासाठी, हे कोणीतरी लिहायला लागतं. पूर्वी माणसं लिहायची. आता माळा इतक्या येतात की माणसांनी हात टेकले, आणि ते काम एका प्रोग्रामकडे गेलं. तो नवा तुकडा घेतो, आधी नाव दिलेल्या तुकड्यांशी ताडून पाहतो, आणि जो सगळ्यात जास्त सारखा दिसेल त्याचं नाव याला चिकटवतो. झालं बारसं.

या प्रोग्रामला ऑफिसात सगळे जावई म्हणत. आला तेव्हा केवढा थाटमाट! सगळ्यात थंड खोली त्याला, सगळ्यात नवी यंत्रं त्याला, आणि तो काहीही बोलला तरी उलटून बोलायची कोणाची छाती नाही. ज्याने तो तयार केला त्या पोराचं नाव अर्थातच सासरेबुवा पडलं. सासरेबुवांचं स्वतःचं लग्न अजून व्हायचं होतं, पण नाव पडलं ते पडलं.

धाकटी आणि तिच्यासारखे चारदोन तपासनीस जावयाच्या मागून फिरून, जमेल तेवढं हाताने तपासत. एखाद्या जनुकाचं काम कोणी खरोखर प्रयोग करून दाखवलेलं असलं की ते त्या नोंदीला एक हिरवं कुलूप लावत. कुलपाखाली दोनच शब्द: ‘प्रयोगाने सिद्ध’. कुलूपबंद नोंदीला जावई हात लावू शकत नसे. बाकी सगळं रान त्याला मोकळं. आणि हॉस्पिटलांमधले रिपोर्ट तयार करणारे प्रोग्राम याच भांडारातली नावं उचलून छापत, कुलूप आहे की नाही याची फारशी पंचाईत न करता.

थोरलीच्या रिपोर्टातल्या जनुकाला कुलूप नव्हतं.

थोरली पोहायला शिकवायची. तलावाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या मुलाला ‘पाय मार, पाय!’ म्हणून ओरडली की मधल्या पाण्यातली माणसंसुद्धा दचकून पाय मारायला लागत. धाकटीला तिनेच शिकवलं. पहिल्या दिवशी धाकटी काठाला घट्ट धरून भोकाड पसरून बसली होती, तेव्हा ही कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, “आधी श्वास भरून घे. मग काय रडायचं ते रड.” अशा बाईच्या फुप्फुसात हा मेला जंतू येऊन बसला. पहिल्या औषधाने डोळे पिवळे झाले, दुसऱ्याने तर यकृतच बसायला निघालं. दोन्ही बंद करावी लागली. उरलं एक. तेही साधंसुधं नव्हे, आधी कान खातं आणि मग मूत्रपिंडांकडे वळतं. म्हणून रिपोर्टात ‘लागू’ असं आल्याशिवाय ते कोणाला द्यायचं नाही, असा हॉस्पिटलचा नियम.

खात्रीची परीक्षा एकच. काचेच्या बशीत जंतू वाढवायचा, त्याला औषध पाजायचं आणि मरतो का बघायचं. पण हा जंतू पहिल्या नंबरचा आळशी. बशीत उगवायला त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. आणि तेवढे आठवडे थोरलीजवळ आहेत असं कोणीच म्हणत नव्हतं.

धाकटीने चहा बाजूला ठेवला आणि त्या नावाचा माग काढायला बसली. थोरलीच्या जनुकाला ते नाव का दिलं? तर ते अमुक जनुकासारखं दिसतं म्हणून. अमुकाला का दिलं? तमुकासारखं दिसतं म्हणून. तमुकाला? आणखी कुणासारखं म्हणून. एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी नोंद ती उघडत गेली आणि दुपार कलली तेव्हा परत त्या अमुकावर येऊन पोचली. सगळे एकमेकांकडे बोट दाखवून गोल उभे होते. मधोमध कोणीच नव्हतं. फार पूर्वी कधीतरी एका खऱ्या जनुकापासून ते नाव निघालं असावं, पण तो दुवा आता तुटलेला होता. जो पहिला सारखेपणा होता तोसुद्धा अर्धामुर्धा. धाकटीचं नाक थोरलीसारखं आणि थोरलीचं हसणं तिच्या मैत्रिणीसारखं, म्हणून काय धाकटी त्या मैत्रिणीची सख्खी बहीण होते? इथे झाली होती. कोणी मुद्दाम खोटं बोललं नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट. खोटं बोलणारा सापडला असता तर निदान त्याची गचांडी तरी धरता आली असती.

तिने नोंद उघडली, ‘औषध मोडणारं’ हे शब्द खोडले आणि लिहिलं: ‘काम अज्ञात’. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेला फोन करून उद्या रिपोर्ट पुन्हा काढायला सांगितलं. घरी जाताना तिला हलकं वाटलं.

सकाळी येऊन बघते तर नोंद जिथल्या तिथे. ‘औषध मोडणारं’. जसं काही झालंच नाही. ती तरातरा सासरेबुवांच्या टेबलाशी गेली.

“तुझा जावई खोटारडा आहे.”

“मॅडम, तो खोटं बोलत नाही. ऐकलेलं सांगतो.”

“म्हणजे चुगलखोर.”

“प्रामाणिक चुगलखोर म्हणा हवं तर.” मग तिचा चेहरा बघून त्याने कानातले बोळे काढले. “काय झालं?”

तिने सांगितलं. थोरलीचं मात्र सांगितलं नाही, नुसतं जनुकाचं सांगितलं. सासरेबुवांनी पडद्यावर बघत मान हलवली. “बरोबर आहे. रोज पहाटे तो सगळ्या नोंदी ताडून बघतो. तुमची एक नोंद म्हणते ‘अज्ञात’, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या हजारो म्हणतात ‘मोडतं’. मग बहुमताने त्याने तुमची दुरुस्त केली.”

“अरे, त्या हजारोंनी एकमेकींचं बघून लिहिलंय! सगळ्या वर्गाने एकाच पोराची कॉपी केली तर उत्तर बरोबर होतं का?”

“पण कॉपी केली हे त्याला कळणार कसं? त्याला नुसते कागद दिसतात.” तो खरंच ओशाळला होता. “मॅडम, मी वर्षभर सांगतोय हे मीटिंगमध्ये. उपाय एकच आहे. कुठून तरी खरा प्रयोग आणा आणि कुलूप लावा. कुलपापुढे तो लोटांगण घालतो.”

“प्रयोग व्हायला आठवडे लागतात.”

“मग आठवडे थांबायचं.”

“तू थांब,” धाकटी म्हणाली, आणि त्या बिचाऱ्याला काही न कळताच ती निघून आली.

डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. बाहेर रांग असताना, उभ्या उभ्या का होईना, पण शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हणजे हे जनुक औषध मोडत नाही, असं तुमचं म्हणणं?”

“नाही. मोडतं की नाही हे कोणालाच माहीत नाही, असं माझं म्हणणं आहे.”

“हे तर त्याहून वाईट झालं.” बाईंनी डोळे चोळले. “माझ्या जागी येऊन बघा. हे औषध कान घालवतं. ते मी द्यायचं, आणि का दिलं विचारलं तर सांगायचं की पेशंटच्या बहिणीला रिपोर्ट पटला नाही? मला द्यायचंय हो औषध. माझ्याकडे दुसरं आहे काय? रिपोर्ट बदलून आणा, मी त्याच दिवशी सुरू करते.”

त्या सहज बोलल्या. धाकटीच्या डोक्यात मात्र ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं.

थोरलीची खोली अरुंद गल्लीसारख्या वाटेच्या टोकाला होती. आत जायची बंदी. बाहेरून काचेतून बघायचं आणि दाराशेजारच्या छोट्या डब्यात बोलायचं, की आत ऐकू जायचं आणि आतलं बाहेर यायचं. शेजारच्या खोलीत बटणवाल्या काकू. त्यांचं बटणांचं आणि चेनचं दुकान होतं आणि त्यांनाही असलाच जंतू, याच्याच भावकीतला. त्यांना मात्र ते पहिलं औषध सोसत होतं. उलट्यांनी आतडी पिळवटून निघायची, पण गुण येत होता, सावकाश. काकूंचा डबा कायम चालू. वाटेने कोण आलं, कोण गेलं, कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं ऐकायच्या. दोघींच्या मधली भिंतही काचेचीच. काकू दुकानातून मागवलेल्या बरणीतलं एकेक बटण काचेला लावायच्या आणि ते कुठल्या कपड्याचं ते थोरलीने ओळखायचं. थोरलीला एकही ओळखता येत नसे. पोहण्याच्या पोशाखाला बटणं नसतात, ही तिची कायमची सबब.

त्या दिवशी काकूंनी काचेला लावलेलं बटण तसंच राहिलं. थोरली भिंतीकडे तोंड करून पडली होती. धाकटीने डब्यात हाक मारली तेव्हा ती वळली, आणि तेवढ्यानेच तिला धाप लागली.

“काय म्हणाली डॉक्टरीण?”

“बघू म्हणाल्या.”

“तू... लहानपणापासून... खोटं बोललीस की नाक ओढतेस.” तिने श्वास गोळा केला. “मला भीती वाटते गं. पाण्यात कधी वाटली नाही. हे कोरड्यात बुडणं आहे.”

भावोजी शेजारी उभे होते. एरवी या माणसाच्या तोंडाला टाळं नाही. ते नुसते काचेवर तळहात ठेवून उभे राहिले आणि मग धाकटीकडे वळून म्हणाले, “तुमच्या त्या भांडाराला सांग ना काहीतरी. तू तिथेच असतेस ना?”

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना धाकटीने कुलूप लावलं.

त्यात अवघड काहीच नव्हतं. पडद्याने विचारलं, पुरावा कोणता? छापून आलेला प्रयोग, की तपासनीसाने स्वतः पाहिलेला? दुसरा पर्याय विश्वासावर ठेवलेला होता. आपली माणसं खोटं कशाला लिहितील, एवढ्या एका भरवशावर. तिने दुसरा निवडला. ‘हे प्रथिन औषध मोडत नाही. प्रयोगाने सिद्ध.’ हिरवं कुलूप नोंदीपुढे येऊन बसलं. कुलूपबंद नोंदीचं वजन सगळ्यात जास्त आणि जावई ती डोळे मिटून चहूकडे नेतो, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं. ताईला जरा बरं वाटू दे, मग काढून टाकू, असं तिने मनाशी म्हटलं, आणि खाली जाऊन सगळ्यांबरोबर जेवली.

रिपोर्ट बदलला. डॉक्टरीणबाईंनी शब्द पाळला. औषधाची पिशवी थोरलीच्या खाटेशी लागली आणि काही दिवसांत ताप उतरायला लागला. थोरली उशीला टेकून बसली. नर्सबरोबर भांडली. भावोजींना कंठ फुटला. “बघ, तुझी बहीण नर्सवर खेकसली!” ते फोनवर ओरडले. “आज तिने मला बावळट म्हटलं! दोनदा!” लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस बायकोने बावळट म्हटल्याच्या आनंदात रडत होता. धाकटीही रडली. आनंदच होता तो, उगाच कशाला नाही म्हणायचं?

मग एक दिवस सासरेबुवा हसत हसत तिच्या टेबलाशी आले.

“मॅडम, पार्टी पाहिजे! प्रयोग मिळाला आणि सांगितलंसुद्धा नाहीत? तुमच्या एका कुलपाने जावई सुधारला की! त्या घराण्यातल्या सगळ्या नोंदी त्याने बदलून टाकल्या. सगळ्या हजारो. आता कोणीच म्हणत नाही ‘मोडतं’ म्हणून.”

“सगळ्या?”

“एकूण एक. मीटिंगमध्ये दाखवणार आहे मी.”

जी एका कोपऱ्यातली गोष्ट म्हणून तिने मनात गुंडाळून ठेवली होती, तिला सासरेबुवा मीटिंगमध्ये हार घालायला निघाले होते. ती तशीच हॉस्पिटलात गेली. वाटेने जाताना शेजारच्या डब्यातून खणखणीत हाक आली, “अहो, या इकडे या! बघा!” काकूंच्या खाटेशी तीच पिशवी लटकत होती. तोच रंग, तेच औषध.

“माझाही रिपोर्ट बदलला,” काकू सांगत होत्या. “ते मेलं उलट्यांचं औषध बंद! अन्नच ठरत नव्हतं हो पोटात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेजारच्या ताईंच्या बहिणीनेच काहीतरी शोधून काढलंय. तुम्हीच ना? किती हो उपकार तुमचे. सुखी राहा.”

काकूंच्या जंतूतलं जनुक थोरलीच्यासारखं दिसणारं होतं, तेच नव्हतं. ते औषध मोडत असेल, नसेलही. ते कोणालाच माहीत नव्हतं आणि आता त्याच्यापुढे धाकटीच्या नावाने ‘मोडत नाही’ असं लिहिलेलं होतं. ती काकूंकडे बघून हसली. मग स्वच्छतागृहात जाऊन दार लावून घेतलं आणि नळ सोडून उभी राहिली.

सांगायला हवं, हे तिला त्याच क्षणी कळलं. पण कुलूप एकच होतं. ते काढलं की थोरलीची पिशवीही जाणार. ती बाहेर आली तेव्हा थोरली चमच्याने काहीतरी खात होती आणि प्रत्येक घासागणिक नाक मुरडत होती. तिला नाक मुरडायची ताकद आलेली बघून धाकटीच्याने बोलवेना. ताईची बशी येऊ दे, ती म्हणाली. तेवढी येऊ दे. काकूंना काय, काकूंनाही लागू पडेल कदाचित. कशावरून नाही?

काकूंना लागू पडलं नाही. आधी बटणांचा खेळ थांबला. मग त्यांच्या डब्यातून नुसता श्वास ऐकू यायला लागला, दारं वाजवत येणाऱ्या वाऱ्यासारखा, खालवर. धाकटी वाटेने जाताना पाय न वाजवता जाऊ लागली. तरी काकूंना कळायचं. “आलात का?” त्या म्हणायच्या. “ताई आज... छान आहे हो तुमची.”

अशाच एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिला वाटेतच गाठलं.

“बरं झालं भेटलात. एक घोळ झालाय. बटणवाल्या बाईंची बशी आली. त्यांचा जंतू औषधात मजेत वाढलाय, जणू साखर घातली. पण तुमच्या भांडारात तर कुलूप आहे. प्रयोगाने सिद्ध. म्हणजे आमच्याकडेच बशा बदलल्या गेल्या असणार. मी पुन्हा लावायला सांगितलंय.”

“आणि तोवर?”

“तोवर औषध चालूच ठेवते. सिद्ध झालेलं आहे म्हटल्यावर एका बशीसाठी कसं थांबवू?”

धाकटीने काचेतून बघितलं. थोरली तिच्याकडे बघून हात हलवत होती.

“ताईची बशी?”

“अजून काहीच उगवलेलं नाही. त्यांचा जंतू जास्तच आळशी.” बाई निघाल्या.

बाईंना तसंच जाऊ देण्यात सगळं होतं. बाई चार पावलं पुढे गेल्या असत्या तर थोरलीची पिशवी टांगलेली राहिली असती. बशा नव्याने लागल्या असत्या, आठवडे गेले असते, काकूही गेल्या असत्या, आणि दोष एखाद्या बशी बदलणाऱ्या पोरीवर आला असता. धाकटीला हे सगळं स्वच्छ दिसलं. तिला हवंसंही वाटलं. अगदी हवंसं.

“डॉक्टर,” ती म्हणाली. “बशी बरोबर आहे. तो प्रयोग झालेलाच नाही.”

“कोणता?”

“कुलपाचा. मी पाहिलाय असं लिहिलं. मी काही पाहिलेलं नाही.”

डॉक्टरीणबाईंना समजायला वेळ लागला. “कुठल्या जंतूवर पाहिला नाहीत?”

“कुठल्याच.”

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नर्सला बोलावलं आणि दोन्ही पिशव्या काढायला सांगितल्या, काकूंना ताबडतोब जुनं औषध सुरू करायला सांगितलं. धाकटीने त्यांची बाही धरली.

“ताईची नको. ताईचा ताप उतरलाय, तुम्हीच बघताय ना!”

“तापाची गोळीही चालू आहे त्यांना. कशाने उतरला हे मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. काल त्यांचे कान तपासले. ऐकणं निम्म्याच्या वर गेलंय. आता मूत्रपिंडांची पाळी. कशाच्या जोरावर चालू ठेवू मी? तुमच्या शब्दाच्या?” त्यांनी बाही सोडवून घेतली. “बशी येईल तेव्हा बघू.”

बशी येईल तेव्हा. धाकटी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. मग तिने सासरेबुवांना फोन लावला. कुलूप काढ, मी खोटं लावलंय, एवढंच सांगितलं.

“काढतो,” तो म्हणाला. “पण मॅडम, काढलं की उद्या पहाटे जावई पुन्हा जुनंच लिहील. सगळीकडे. ‘मोडतं’ म्हणून.”

“लिहू दे.”

“आणि खरं काय आहे?”

“कोणाला माहीत, बाबा,” धाकटी म्हणाली. “कोणालाच माहीत नाही.”

ती उठली तेव्हा नर्स थोरलीच्या खाटेशी नळी सोडवत होती. थोरली नर्सला काहीतरी विचारत होती आणि उत्तराच्या वेळी तिच्या ओठांकडे बघत होती. हे तिचं ओठांकडे बघणं धाकटीने आत्ताच पाहिलं. किती दिवस चाललं होतं कोण जाणे. नर्स काकूंच्या खोलीत गेली. थोरलीने काचेबाहेर धाकटीला बघून पिशवीच्या रिकाम्या दांडीकडे बोट दाखवलं. बरी झाले का मी, असा तिचा चेहरा होता.

धाकटी डब्याशी वाकली. “ताई, मी एक गोष्ट केलीय.”

“काय?”

“मी एक गोष्ट केलीय, ताई.”

“मोठ्याने बोल की गं!” थोरली तिच्या तलावावरच्या आवाजात ओरडली. आपला आवाज किती मोठा आहे, हेही तिला कळत नव्हतं. “पुटपुटतेस काय!”

वाटेत दोन नर्सा थांबल्या. पाण्याची बाटली घेऊन येणारे भावोजी थांबले. शेजारचा डबा नेहमीसारखा चालू होता आणि त्यातून काकूंचा श्वास खालवर होत होता. धाकटीने श्वास भरून घेतला, पार खोलवर, पाण्यात उतरण्याआधी घ्यायला शिकवला होता तसा.

“तुझं औषध मी खोटं लिहून मिळवलं होतं!” ती ओरडली. “ते काकूंनाही दिलं गेलं! त्यांना ते लागू पडलं नाही! म्हणून मी आता खरं सांगितलंय, आणि तुझंही बंद केलंय! मी बंद केलंय, ताई!”

भावोजींच्या हातातली बाटली पडली. काचेआड थोरलीने कानामागे हात धरला, डोळे बारीक केले, आणि मग मान हलवली. नाही. काही समजलं नाही.

शेजारच्या डब्यात श्वास थांबल्यासारखा झाला. मग काकू बोलल्या. एकेक शब्द ओढून आणत, पण स्पष्ट.

“मी ऐकलं,” त्या म्हणाल्या. “तिला नाही ऐकू आलं. तिला पुन्हा सांगा.”

धाकटीने पुन्हा श्वास भरून घेतला.